आमच्या गल्लीचं दुमजली विमान

मी शिवणकाम करते. उदगीरला आमच्या वस्तीत शिरलं की विहाराच्या अलीकडं जे दार दिवसभर उघडं दिसतं ते माझं. दारातच मशीन, मशीनसमोर टीव्ही. पाय चालत असले तरी कान रिकामे असतात, त्यामुळं जगात काय चाललंय हे आमच्या घरात सगळ्यांत आधी मला कळतं. आमचे घरचे, म्हणजे माझे मालक, नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात आहेत. त्यांना नळ कधी येणार एवढं कळतं, आणि तेही पुष्कळदा चुकतं.

ते जगातलं सगळ्यांत मोठं प्रवासी विमान आपल्या देशात माणसं घेऊन उतरू लागलं, तेव्हा मी कुणाच्या तरी ब्लाउजला बाही लावत होते. काही वर्षं झाली त्याला. दिवसभर सगळ्या वाहिन्यांवर तेच. दोन मजली विमान, मधे जिना, एका दमात अख्खं खेडं बसेल एवढ्या खुर्च्या. दोन्ही बाजूंनी बंब उभे करून त्याच्यावर पाणी उडवत होते, आमच्यात लग्नात नवरा-नवरीवर फुलं टाकतात तसं. बातम्या देणारी मुलगी सांगत होती की विमान एवढं रुंद आहे, की त्याच्यासाठी विमानतळांना आपले रस्ते वाढवावे लागले, दारं नवी करावी लागली. हे वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. आमच्याकडं उलटी रीत. दार लहान असलं की आत येणाऱ्यालाच वाकायला सांगतात, आणि वाकला की म्हणतात, बघा किती नम्र आहे.

त्याच दुपारी माझ्या घरी बचत गटाची बैठक होती. बायका आल्या आणि बैठक बाजूला ठेवून टीव्हीसमोर बसल्या. त्यांत माझी जाऊ होती, ती गटाची अध्यक्षा. आणि आत्या होती. आत्या म्हणजे माझी चुलत सासू, पण सगळी वस्ती तिला आत्याच म्हणते. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, दाणे निवडण्यात तिचं आयुष्य गेलं, पाठ वाकली, पण जीभ सरळ. तिनं विचारलं, वरच्या मजल्यावर कोण बसतंय. मी म्हटलं, पैसेवाले. खाली? खाली जरा कमी पैसेवाले. मग आपण? आपण टीव्हीसमोर, असं मी म्हटलं आणि सगळ्या हसल्या. आत्या हसली नाही.

"ह्या जयंतीला हेच करू," ती म्हणाली. "दोन मजली. अन् वर आपण बसू."

चौदा एप्रिलच्या जयंतीला उदगीरमध्ये प्रत्येक वस्तीचा एक देखावा निघतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा करायचा, रोषणाई करायची, आणि मिरवणुकीतून पुतळ्याच्या चौकापर्यंत न्यायचा. आमच्या गल्लीचा देखावा कायम पुरुषांनीच केला. संसद झाली, स्तूप झाला, उघडलेलं पुस्तक तर इतक्यांदा झालं की त्याची पानं पिवळी पडली. आम्ही काय करायचं? खीर, पाण्याचे ड्रम, आणि पांढऱ्या साड्या नेसून रांगेत चालणं. रांगेत चालण्याला मी नावं ठेवत नाही, त्या रांगेत माझी आई चालली, मी तिचं बोट धरून चालले. पण इतकी वर्षं आम्ही चालतोय आणि गाडीवर काय चढणार ते दुसरेच ठरवतात, ह्याचा मला राग होता आणि तो मी कधी लपवलेला नाही.

विहारात बैठक बसली तेव्हा जावेनं विषय काढला. जयंती मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमच्या ह्यांचे चुलतभाऊ, नात्यानं माझे भाऊजी. सेंट्रिंगची कामं घेतात. माणूस वाईट नाही, अडीअडचणीला पहिला धावतो, पण नगरसेवक व्हायची हौस त्यांच्या कपड्यांच्या इस्त्रीतच दिसते. ते आधी हसले. मग त्यांना कळलं आम्ही थट्टा करत नाही, तेव्हा गंभीर झाले आणि म्हणाले की जयंतीला विमानाचा काय संबंध, लोक काय म्हणतील, विचारांचा देखावा पाहिजे.

आत्या खांबाला टेकून बसली होती. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "बाबा शिकायला परदेशी गेले ते बोटीनं. तवा बोट होती. आता आमच्या पोरी ह्याच्यातून जातील. ह्यो इचार न्हाई तर काय हाय?"

 पण उत्तर सुचलं नाही म्हणून पुरुष गप्प बसतात असं नाही. भाऊजींनी अट घातली, आणि ती सगळ्यांसमोर घातली. करा विमान. पण ते सबंध, न मोडता पुतळ्यापाशी पोचलं पाहिजे. न पोचलं, किंवा वाटेत त्याचं भजं झालं, तर इथून पुढं बायकांनी देखाव्याचं नाव काढायचं नाही. खीर आणि पाणी. जाऊ माझ्याकडं बघत होती. मी हो म्हटलं. आमचे घरचे छताच्या पंख्याकडं बघत बसले होते.

आता विमान करायचं तर निदान एक तरी विमान डोळ्यांनी बघितलेलं असावं. आमच्यापैकी कुणी बघितलेलं नव्हतं; आकाशातली रेघ ती काय मोजायची. नांदेडला विमानतळ आहे हे माहीत होतं. म्हणून आम्ही गटाच्या बायका भाकरी बांधून एसटीनं नांदेडला गेलो. आधी गुरुद्वाऱ्यात पंगतीला बसलो, कारण तिथं कुणी कुणाला कोण म्हणून विचारत नाही, मग रिक्षा करून विमानतळाकडं. आत जायला तिकीट लागतं, ते आमच्याकडं कुठलं. तारेच्या कुंपणाला तोंड लावून उभ्या राहिलो. लांब एक विमान उभं होतं, छोटंसं, पुढं पंखा लावलेलं. उन्हात ते इतकं बापुडवाणं दिसत होतं की आत्याला त्याची दया आली.

एक पहारेकरी आला. काय बघून राहिलात म्हणाला. आम्ही खरं ते सांगितलं, की दोन मजली विमान बघायला आलो. त्याला हसू आवरेना. ते इथं कशाला येईल, ते उतरायला इथं जागाच नाही, त्याला मोठ्या शहराचा विमानतळ लागतो, असं त्यानं समजावलं. तो चांगल्या मनानंच सांगत होता. पण 'ते इथं कशाला येईल' हे मी जन्मापासून ऐकत आले आहे. कॉलेज इथं कशाला येईल, गाडी इथं कशाला थांबेल, पाणी रोज कशाला येईल. परत येताना एसटीत मी जावेला म्हटलं, येत नसलं तर आपण आणू.

कामाला लागलो. माझ्या धाकट्या दिराचं ग्रिल वेल्डिंगचं दुकान आहे, सांगाडा त्यानं करून द्यायचं कबूल केलं. पोटाला लोखंडी कडी, पाठीला बांबू, आणि ह्या पंखाच्या टोकापासून त्या पंखाच्या टोकापर्यंत पोटातून आरपार गेलेला एकच सलग लोखंडी अँगल, म्हणजे पंख लोंबायचे नाहीत. वरची कातडी माझी. पांढरं अस्तराचं कापड आणलं आणि मी विमान बेतलं. लोक विचारतात, विमान कसं बेतलंस? अहो, बेतायला काय, पोट म्हणजे पायजम्याचा पाय, शेपूट म्हणजे कळी, आणि पंख म्हणजे बाही. बाही मुंढ्यात नीट बसली की निम्मं काम झालं. खिडक्यांना काळं कापड लावलं. वरच्या मजल्याच्या खिडक्या मात्र उघड्या ठेवल्या, कारण तिथून आमची तोंडं दिसणार होती.

मोंढ्याच्या बाजूला कापडाचं दुकान आहे, तिथं अस्तर घ्यायला गेले तर दुकानदारानं विचारलं, एवढं पांढरं कशाला. सांगितलं. तो गादीवर रेलून म्हणाला, कधी बसायला तरी मिळणार का खऱ्या विमानात. मी म्हटलं, शेठ, आमच्या विमानात तुम्हाला खालच्या मजल्यावर जागा ठेवते. त्यानं कापड जरा ताणून मोजलं. मी पुन्हा मोजायला लावलं.

आणि आता चूक सांगते. पंख केवढे करायचे हे ठरवताना आम्ही गल्लीचं तोंड मोजलं, कारण तिथूनच गाडी बाहेर पडणार. माझा शिवणाचा टेप तोकडा, आणि लांब टेप दिराच्या दुकानात राहिलेला. मग काय, जावेनं साडी आणली, एक टोक ह्या भिंतीला तिनं धरलं, दुसरं टोक मी घेऊन चालत गेले. एक साडी भरली आणि वर हात-दीड हात उरला. मग आम्ही पंख एका साडीएवढे केले, दोन्हीकडं थोडी जागा सोडून. हिशेब चोख होता. गल्ली मात्र रिकामी होती.

दर जयंतीला पुरुष आदल्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी स्वागताची कमान उभारतात. जन्मात एकदाही ती उभारताना आम्ही बघितलेली नाही, कारण त्या वेळी आम्ही खिरीच्या गव्हाशी आणि तांदळाशी झटत असतो. चुलीवरून उठून बाहेर येतो तेव्हा कमान असते, झाड असावं तशी. तिला पाय असतात, आणि ते पाय जागा खातात, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. त्या वर्षी तर भाऊजींनी आपल्या सेंट्रिंगच्या बल्ल्या आणून दोन्हीकडं चौकोनी बुरूज बांधले होते. वर मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर हात जोडलेले भाऊजी, चष्म्यासकट. त्यांच्याभोवती मंडळाचे बाकीचे चेहरे, गोल गोल, पुऱ्यांसारखे. आणि सगळ्यांच्या वर, मधोमध, हार घातलेली बाबांची खरी, काचेची तसबीर.

संध्याकाळी मिरवणुकीची वेळ झाली. विहारामागच्या मोकळ्या जागेतून ट्रॅक्टर निघाला. मी खोटं बोलणार नाही, ते विमान सुंदर झालं होतं. आत दिवे लावले होते, पोट उजळून निघालं होतं. आत्या आणि तिच्या बरोबरीच्या मोंढ्यातल्या बायका वरच्या मजल्यावर चढून खिडक्यांत बसल्या, पांढऱ्या साड्यांत. आम्ही बाकीच्या खाली, दोन्हीकडं पंखांना हात लावून चालत होतो. गल्लीतल्या म्हाताऱ्या दारात येऊन बघत होत्या. माझ्या पोटात आनंद मावत नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर थांबला. दोन्ही पंख दोन्ही बुरुजांना टेकले. पुढं जायला वाट नव्हती. मागं घेऊन तिरका करून बघितला, तर शेपूट भिंतीला लागलं. पुन्हा सरळ केला, पुन्हा टेकला. तेवढ्यात कुणीतरी हसलं, मग बरेच हसले.  बाहेर मोठ्या रस्त्यावरून दुसऱ्या वस्त्यांचे देखावे पुढं सरकताना दिसत होते, ढोल वाजत होते, आणि पोलीस शिट्टी मारून घाई करत होता.

भाऊजी आले. रागावले नाहीत, उलट गोड बोलले, आणि मला तेच जास्त लागलं. दिराला त्यांनी दुकानातून कटर आणायला पाठवलंसुद्धा होतं.

"वहिनी, दोन्हीकडची टोकं उडवू. लई न्हाई, हात-हातभर. लांबून कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," मी म्हटलं.

ते म्हणाले, मग राहू द्या, देखावा इथंच उभा करा, आपण सगळे रांगेत चालू, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी काय असणार ते मला माहीत होतं. पुढच्या वेळी खीर असणार. आणि कापलं तरी तेच होतं, कारण अट सबंध विमानाची होती. टोकं उडवलेलं विमान पोचलं असतं तरी बैठकीत कुणीतरी नक्की आठवण करून दिली असती. दीर कटर घेऊन आला आणि माझ्याकडं बघत उभा राहिला. अँगल त्यानंच जोडला होता, त्याचाही हात धजत नव्हता. मला रडू येत होतं, पण रडले असते तर सगळं संपलं असतं, म्हणून मी ओरडले.

"ह्या विमानासाठी दुनियेतल्या विमानतळांनी आपले रस्ते रुंद केले. विमानाचे पंख कुणी कापले न्हाईत. कमान काढा."

 भाऊजींनी वर बोट दाखवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "वर बाबांची तसबीर हाय. आजच्या दिवशी पाडता का ती?"

हा त्यांचा हुकमाचा पत्ता होता, आणि तो त्यांनी बरोबर वेळी टाकला. माझ्या मागच्या बायकांचे हात पंखावरून खाली आले. जयंतीच्या दिवशी बायकांनी तसबिरीची कमान पाडली, एवढंच गावभर झालं असतं. का पाडली हे कुणी विचारलं नसतं. 

वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत्याचा आवाज आला. "तसबीर खाली घ्या. दोन्ही हातांनी. अन् हिकडं द्या."

तिच्या आवाजाला मोंढ्यातले हमालही हलतात. मंडळाचीच दोन माणसं शिडीनं वर चढली, तसबीर अलगद उतरवली आणि एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात करत आत्यापर्यंत पोचवली. तिनं पदरानं काच पुसली. मग ती वाकलेली बाई त्या बांबूच्या विमानात पुढं पुढं सरकत नाकाकडं गेली आणि जिथून चालवणारा बाहेर बघतो त्या खिडकीत तिनं तसबीर ठेवली. हार सारखा केला. आतल्या दिव्याचा उजेड काचेवर पडला. कुणी सांगितलं नाही, तरी सगळ्या गल्लीचे हात जोडले गेले, भाऊजींचेही.

मग मी कमानीकडं बघितलं आणि म्हटलं, "भाऊजी, आता वर तुम्हीच राहिलात."

ह्या वेळी लोक हसले ते आमच्यावर नाही. भाऊजींनी वर स्वतःकडं बघितलं, मग खिडकीतल्या तसबिरीकडं, आणि बाजूला झाले.  बल्ल्या तारेनं आवळलेल्या होत्या आणि माझ्याकडं होती नुसती कात्री. तेवढ्यात आमचे घरचे, जे त्या अटीच्या बैठकीपासून पंख्याकडं बघत होते, त्यांनी पाणीपुरवठ्याच्या पिशवीतून पक्कड काढली आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी मला दिलेली एवढी चांगली वस्तू दुसरी नाही.

तारा मी सोडल्या, जावेनं सोडल्या, मग दीर कटर ठेवून आला. एकीकडचा बुरूज उतरला आणि फ्लेक्स भाऊजींसकट गुंडाळून भिंतीला उभा केला. विमान गल्लीतून बाहेर पडलं.

आम्ही सगळ्यांत शेवटी होतो. आमच्या मागं फक्त पोलिसांची गाडी. मोंढ्याच्या वळणावर लिंबाच्या फांदीनं शेपटीचं कापड टरकावलं, तर मी ट्रॉलीवर चढून चालत्या गाडीत टाके घातले. सुई-दोरा माझ्या ब्लाउजला कायम टोचलेला असतो. कापडाचा दुकानदार दुकानाच्या पायरीवर उभा होता. वरच्या खिडकीतून एका बाईनं त्याला हात केला. ती त्याच्याच मोंढ्यातल्या धान्याच्या गोदामात निवडायला जायची. त्यानं जरा वेळानं हात वर केला. पुतळ्याच्या चौकात पोचलो तेव्हा बाकीचे देखावे मागं फिरत होते, पण विमान बघून थांबले. सबंध विमान, दोन मजले, दोन पंख. त्या चौकात मी मनसोक्त रडले, कुणाची पर्वा केली नाही.

पुढच्या बैठकीत भाऊजी इस्त्रीच्या कपड्यांत आले. विमान पोचलं हे त्यांनी मान्य केलं, न मोडता पोचलं हेही. पण, ते म्हणाले, ऐन दिवशी गल्लीची कमान उतरवावी लागली, दुसऱ्या वस्त्यांत हसू झालं. देखावा बायका करोत, कुणाची ना नाही, फक्त मापात करावा. कमानीतून जाईल एवढा.

पुरुषांनी माना हलवल्या. किती रास्त बोलले, असं त्यांच्या तोंडावर होतं. मी जावेकडं बघितलं. तिनं पदर खोचला. गटाची अध्यक्षा म्हणून ती एरवी पुष्कळ गोड बोलते.

"देखावा तुम्ही करा भाऊजी," ती म्हणाली. "संसद करा, पुस्तक करा, केवढं बी करा. पुढच्या वर्षापासून कमान आमच्याकडं."

 खाली सतरंजीवर बसलेली आत्या उठायला लागली, तिला पौर्णिमेची खीर बघायची होती. उठता उठता म्हणाली की टेप आठवणीनं आणा, साडीनं मोजू नका. त्याच्या पुढच्या वर्षापासून आमच्या गल्लीची कमान आम्हीच बांधतो, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि तिच्यावर आजवर एकाही माणसाचा फोटो लागलेला नाही.